चांगला पाय

तराजूकाकांना त्यांच्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, लेक 'बाबा' म्हणायची, आणि त्या दोघी दुसऱ्या शहरात, फोनच्या पलीकडच्या टोकाला. दवाखान्यात मात्र मॅडमपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांचे ते तराजूकाकाच. हे नाव कुठल्याशा खेळाडूने चिडून ठेवलं होतं. ते काकांना चिकटलं, आणि पुढे पुढे आवडायलाही लागलं.

दवाखाना खेळाडूंच्या दुखापतींचा. वर डॉक्टरांच्या खोल्या, मधल्या मजल्यावर व्यायामाचा हॉल, आणि तळघरात, बोळाच्या अगदी शेवटी, काकांची खोली. खोलीला खिडकी नाही. मधोमध एक मोठी खुर्ची. तिच्यात माणसाला बसवायचं, छातीवरून पट्टे आवळायचे, मांडी जखडायची आणि नडगी एका लोखंडी दांड्याला बांधायची. मग म्हणायचं, "झाड पाय!" गंमत अशी, की तुम्ही कितीही जीव काढा, दांडा आपल्या ठरलेल्या वेगानेच वर जातो. वरचा सगळा जोर यंत्र गिळून टाकतं आणि पडद्यावर त्याचा डोंगर काढून दाखवतं. आधी चांगल्या पायाचा डोंगर, मग ऑपरेशनच्या पायाचा.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, की डॉक्टर मांडीतलीच एक दोरी काढून तिथे ओवतात. दोरी बसते, टाके भरतात, माणूस तुरुतुरु चालायला लागतो. पण मांडीतला जोर कुठे गेला हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. तो परत आलाय की नाही हे बघणं हे काकांचं काम. चांगल्या पायात शंभर धरला, तर ऑपरेशनच्या पायात नव्वद तरी हवा. तेवढा असेल तर मैदान, नाहीतर पुन्हा वरचा हॉल आणि तेच ते व्यायाम.

म्हणून काकांच्या खोलीकडे येताना भल्याभल्यांची पावलं जड व्हायची. एक आडदांड गोळाफेकवाला पट्टे आवळून झाल्यावर म्हणाला होता, "काका, आता फक्त शेवटची इच्छा विचारायची राहिलीय." काका हसले नव्हते. कामात ते हसत नसत. पूर्वी ते एका कारखान्यात स्प्रिंगा तपासायचे. स्प्रिंग दाबायची, किती वजनाला किती दबते ते पाहायचं, ठीक असेल तर डावीकडच्या खोक्यात, नसेल तर उजवीकडच्या. कारखाना बंद पडला आणि ओळखीतून ते या यंत्रावर आले. काम तेच, फक्त इथल्या स्प्रिंगा बोलायच्या. विनवण्या करायच्या, थापा मारायच्या, रडायच्यासुद्धा. आणि ज्यांचं ठीक निघालं, ते जिना चढून जे जायचे ते पुन्हा कधी दिसायचे नाहीत. पुन्हा दिसायचे ते नापास झालेले. त्यामुळे काकांशी ज्यांची जरा ओळख व्हायची, ती सगळी माणसं त्यांच्यावर नाराज असलेली.

घरी दोन खोल्या. बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली होती, एक बॅग घेऊन. दोन-तीन महिन्यांत येते म्हणाली होती. मग बाळाला सर्दी झाली, मग लेकीची रजा संपली, मग सांभाळणारी बाई टिकेना. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. काकांनी एकदाही 'का' विचारलं नाही आणि 'कधी' विचारायचंही हळूहळू सोडून दिलं. स्वयंपाक त्यांना जमायचा, पण एका माणसाचा भात कसा लावायचा हे काही जमेना. तो रोज उरायचा. संध्याकाळी दार उघडून आत गेले, की त्यांच्या तोंडून पुढचा शब्द निघायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी, फाटकावरच्या वॉचमनपाशी.

ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा बोळ दणाणून गेला होता. फुटबॉल खेळणारी, विशीतली, उंच आणि खांद्याने रुंद. पाठीमागे उभी राहून गोल वाचवायची, समोरून कोणाला पुढे जाऊ द्यायची नाही, म्हणून संघातल्या पोरी तिला 'भिंत' म्हणायच्या. ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते. दोन मैत्रिणी बरोबर होत्या, एकीच्या हातात हिची बॅग, दुसरीच्या हातात हिचे बूट.

"काका, जरा जपून हं," एक मैत्रीण म्हणाली, "भिंत आहे, पण सध्या ओल आलीय."

तिघी खिदळल्या. काकांनी पट्टे आवळले. चांगल्या पायाचा डोंगर असा उभा राहिला की काकांनीही मान डोलावली. ऑपरेशनच्या पायाचा मात्र त्याच्या निम्म्याहून थोडा वर. भिंतीने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे हा अजून झोपलाय. उठवू." आणि मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून निघून गेली. जाताना "येते काका" म्हणाली. असं म्हणून जाणारे फार नसत, म्हणून ते काकांच्या लक्षात राहिलं.

दुसऱ्यांदा ती आली ती बऱ्याच महिन्यांनी, आणि एकटीच. बॅग स्वतःच्या खांद्यावर. काकांनी तिला सायकलवर बसवून अंग गरम करून घेतलं, मग खुर्चीत घेतलं. चांगला पाय झाला, मग ऑपरेशनचा झाला. पडद्यावर आकडा आला: नव्वदच्या वर.

"झालं!" ती ओरडली. तिचे डोळे एकदम भरून आले. "झालं ना काका? पुढच्या आठवड्यात निवड आहे. द्या ना निकाल लवकर मॅडमना."

काकांनी पट्टे सोडले नाहीत. त्यांनी तिचे आधीचे डोंगर पडद्यावर काढले आणि आजच्या डोंगरांवर ठेवून पाहिले. ऑपरेशनचा पाय वर आला होता, पण थोडासाच. नव्वद झाले होते ते दुसऱ्याच कारणाने. चांगला पायच खाली आला होता. चांगला म्हणजे चांगलाच खाली.

ही युक्ती काकांना नवी नव्हती. चांगल्या पायाने मुद्दाम हलकं झाडायचं, म्हणजे दुखऱ्या पायाची बरोबरी आपोआप होते. दरवर्षी एखादा तरी शहाणा हे करायचा आणि दरवर्षी काका पकडायचे. त्यात त्यांना थोडा अभिमानही होता.

"पुन्हा झाड," ते म्हणाले. "चांगल्या पायाने. आणि या वेळी खरं झाड."

"म्हणजे?"

"म्हणजे मला उल्लू बनवू नकोस."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला. "मी सगळा जोर लावला, काका. आईशप्पथ."

"शपथा बाहेर घे. यंत्राला शपथ कळत नाही."

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर दोन-तीन खेळाडू नंबर लावून बसले होते. ते आत बघायला लागले. भिंतीने पुन्हा पाय झाडला, रागाने झाडला, डोंगर पुन्हा तेवढाच आला. काका म्हणाले, "असं कर, घरी जा, शांत हो आणि खरं बोलायचं असेल तेव्हा ये." त्यांनी पट्टे सोडले. ती उठली, बूट घालायलाही थांबली नाही, हातात घेतले. दारात वळून म्हणाली, "तुम्हाला घरी कोणी वाट बघायला नाही, म्हणून तुम्ही सगळ्यांना इथेच बसवून ठेवता."

हे तिला कोणी सांगितलं होतं, की नुसतं हवेत मारलं होतं, कोण जाणे. बाकावरचे खेळाडू खाली बघायला लागले. काकांनी पुढच्याला हाक मारली. दिवसभर त्यांनी काम केलं, पण पट्टे आवळताना दोनदा चुकीचं छिद्र धरलं.

संध्याकाळी मॅडम खाली आल्या. मॅडम म्हणजे दवाखान्याच्या मुख्य फिजिओथेरपिस्ट. वयाने काकांच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, बोलायला साध्या, पण त्यांच्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही. भिंतीचा निकाल अजून वर आला नव्हता, म्हणून विचारायला आल्या होत्या. काकांनी सगळं सांगितलं. "लबाडी करत होती," ते म्हणाले.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि पडदा स्वतःकडे वळवला. बराच वेळ बघत बसल्या.

"काका, लबाडी करणाऱ्याचे डोंगर कसे येतात?"

"एक उंच, एक बुटका. माणसाला दर वेळी अगदी तेवढंच कमी झाडता येत नाही."

"मग हे बघा."

काकांनी बघितलं. सकाळी त्यांनी फक्त उंची पाहिली होती. चांगल्या पायाचे सगळे डोंगर एकावर एक ठेवले, तर एकच रेघ वाटावी इतके सारखे होते. रागाने झाडलेले नंतरचेसुद्धा. काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांनीच नव्या लोकांना शिकवलं होतं. पण आज त्यांनी बघितलं नव्हतं.

"तिने खरंच सगळा जोर लावलाय," मॅडम म्हणाल्या. "तेवढाच उरलाय. ऑपरेशन एका पायाचं होतं, काका, पण पलंगावर दोन्ही पाय पडून असतात. आणि आपण सगळे दुखऱ्याच पायाकडे बघत बसतो." मग म्हणाल्या, "पण इतका खाली? व्यायामाला यायची ती बंद झालीय म्हणा. मला वाटलं, संघाच्या मैदानावर करत असेल."

मॅडमनी फोन लावला. तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. माणसाचं काम चुकतं, त्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. पण चार माणसांत एका पोरीला खोटारडी म्हटलं होतं, आणि ती खरं बोलत होती. रविवारी सकाळी ते उठले, दाढी केली, मॅडमकडून पत्ता घेतला आणि निघाले.

खेळाडू मुलींचं वसतिगृह मैदानाच्या मागच्या रस्त्याला होतं. फाटकावरच्या बाईने आधी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, मग दवाखान्याचं ओळखपत्र पाहिलं आणि मग आत बसायच्या खोलीत नेलं. तिथून बोळातलं एक उघडं दार दिसत होतं. त्या दारापलीकडच्या खोलीत तीन पलंग होते. दोन पलंगांवरच्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. तिसऱ्यावर भिंत बसली होती, भिंतीला टेकून, अंगावर कालचेच वाटणारे कपडे.

ती बाहेर आली. काकांना बघून दारातच थांबली.

"खरं बोलायला तुम्हीच आलात वाटतं," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "माझं चुकलं. तू खरं बोलत होतीस. मी नीट बघितलं नाही."

तिने बहुधा भांडणाची तयारी केली होती. ती सगळी वाया गेली. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि नखं कुरतडायला लागली.

"म्हणजे मी पास?"

"नाही. म्हणजे तुझे दोन्ही पाय नापास."

तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. काकांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच जमलं नव्हतं. त्यांनी उठून पंखा लावला, मग गार वाटेल म्हणून बंद केला.

हळूहळू तिने सांगितलं. सुरुवातीला सगळ्या यायच्या. फुलं काय, फळं काय, पायाच्या पट्टीवर सह्या काय. मग संघ दौऱ्यावर गेला. तिच्या जागी एक नवी मुलगी आली, चांगली खेळायला लागली. खोलीतल्या दोघींना मैदानाजवळची खोली मिळाली, त्या तिकडे गेल्या. फोनवर संघाच्या ज्या गप्पा चालायच्या त्यांतले विनोद तिला कळेनासे झाले. व्यायामाला जाणं हे आधी एक दिवस चुकलं, मग दोन. मेसमध्ये एकटीने जाऊन बसायचं जिवावर यायचं, म्हणून ती खोलीतच काहीबाही खायची.

"काल काय जेवलीस?"

"बिस्किटं."

"परवा?"

"काका, तुम्ही मोजायला आलात का?"

"सवय आहे," काका म्हणाले. "घरचे कुठे असतात?"

"लांब. आईला सांगितलंय सगळं मस्त चाललंय. तिला सांगितलं तर म्हणेल, ये परत. गेले की संपलं."

काका उठले. "उद्या हॉलमध्ये ये."

"सकाळी सगळे असतात तिथे. मला नाही यायचं त्यांच्यासमोर. तेव्हा बाकावर कोण कोण होतं ते पाहिलंत ना?"

ते बाकावरचे बघे काकांनीच तिला मिळवून दिले होते. सोमवारी ते मॅडमकडे गेले. संध्याकाळी हॉल रिकामा असायचा, पण दवाखान्याचा नियम होता की पेशंटला एकट्याने व्यायाम करू द्यायचा नाही. "कोणीतरी थांबायला हवं," मॅडम म्हणाल्या. "माझी मुलं लहान आहेत, मला नाही जमायचं."

"मी थांबतो," काका म्हणाले. "मला काय, घरी जाऊन तरी भातच उरवायचाय."

अशा त्यांच्या संध्याकाळी सुरू झाल्या. मॅडम जाताना काय करायचं ते सांगून जायच्या. भिंत दोन्ही पायांचे व्यायाम करायची, एका पायावर बसून उठायची, वजनं ढकलायची, लाकडी ठोकळ्यावरून उडी मारून एका पायावर उतरायची. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. व्यायामातलं ते काही सांगत नसत. ते त्यांचं काम नव्हतं. ती थकून खाली बसली तर पाण्याची बाटली सरकवायचे, आणि कधी "दे सोडून आता" म्हणाली तर म्हणायचे, "सोड की. पण मग उद्या परत यावं लागेल." मग ते दवाखान्याच्या समोरच्या खानावळीत जेवायचे, एकाच टेबलावर. पहिले काही दिवस दोघंही ताटाकडे बघूनच जेवले.

एका संध्याकाळी तिने विचारलं, "काकू कुठे असतात?"

"लेकीकडे गेलीय. बाळंतपणाला."

"अय्या! कधी झालं बाळ? मुलगा की मुलगी?"

"मुलगी. शाळेत जायला लागली यंदा."

भिंतीला आधी हसू फुटलं. तिला वाटलं काकांनी विनोद केला. मग तिने त्यांच्याकडे बघितलं आणि हसू आवरलं. काका आमटी वाढून घेत होते.

"तुम्ही कधी म्हणालात त्यांना, की ये म्हणून?"

"म्हणायचं काय त्यात? तिला कळत नाही का?"

"मला नाही कळायचं," ती म्हणाली. "मला तर कोणी म्हटलं नाही ना, की मला वाटायचं कोणाला पडलेलीच नाहीये."

काकांनी विषय बदलला. पण ते बोलणं खड्यासारखं कुठेतरी टोचत राहिलं. त्या आठवड्यात फोनवर बायकोशी नेहमीचं बोलणं झालं. नात कशी आहे, गुडघे दुखतात का, गॅसची टाकी आली का. आणि फोन ठेवायच्या वेळी काका एकदम म्हणाले, "अगं, ये ना इकडे आता."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तुम्हीच या ना इकडे थोडे दिवस," बायको म्हणाली.

काकांनी रजा टाकली. इतक्या वर्षांत त्यांनी एवढी मोठी रजा मागितली नव्हती. मॅडमनी लगेच दिली आणि संध्याकाळी हॉलमध्ये थांबायला आपल्या हाताखालच्या एकीला सांगितलं.

लेकीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. नातीने काकांना दुरून पाहिलं आणि आजीच्या मागे लपली. फोनवरचे आजोबा आणि हे आजोबा यांचा मेळ बसायला तिला दोन दिवस लागले. काकांची झोपायची सोय हॉलमधल्या सोफ्यावर केली. जावई बिचारा सकाळी पायाचा आवाज न करता दरवाजा ओढून घ्यायचा.

बायकोला काका नुसते बघत राहिले. ती जाडी झाली होती, पण चपळ झाली होती. सकाळी नातीला शाळेत सोडायची, तिथून चार बायकांबरोबर बागेत चकरा मारायची. त्यांचं हसणं चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. गच्चीवर तिने कुंड्या मांडल्या होत्या. शेजारची मुलं तिच्याकडे अक्षर सुधारायला यायची. तिचं अक्षर चांगलं आहे हे काकांना माहीत होतं, पण त्याचं असं काही करता येईल हे कधी सुचलं नव्हतं.

एका दुपारी घरात दोघंच होती. ती गच्चीवर झाडांना पाणी घालत होती. काका दाराशी उभे होते.

"तू परत येणार नाहीस ना?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं विचारायला.

तिने झारी खाली ठेवली. "रागावू नका," ती म्हणाली. "तिकडे येऊन मी करू काय? तुम्ही सकाळी जाता, संध्याकाळी येता. आल्यावर जेवता आणि पेपर घेऊन बसता. तुमचं काही वाईट नाही, कधी वर आवाज नाही, कधी कशाला नाही म्हणाला नाहीत. पण मी दिवसच्या दिवस एकटी असायची हो त्या घरात. तुम्ही शेजारी बसलेले असतानासुद्धा."

"मला वाटायचं तुझं बरं चाललंय."

"तुम्ही विचारलं कधी?"

खालून कोणीतरी तिला हाक मारली. तिने कठड्यावरून वाकून "आले" म्हणून सांगितलं, आणि मग काकांच्या दंडाला हात लावून म्हणाली, "रिटायर झालात की या इकडे. कोण नको म्हणतंय? पण आत्ता मला न्यायला आला असाल तर नका नेऊ."

काकांनी मान हलवली. रजा अजून शिल्लक होती, तरी ते तीन दिवस आधी परतले. बायकोने डबा दिला, लेकीने वाकून नमस्कार केला, नातीने हात हलवला. गाडीत त्यांनी डबा उघडला नाही. आपण इतकी वर्षं एकटं पडलो म्हणून मनातल्या मनात कुढत होतो, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं ती आपल्या शेजारी बसून तेच सोसत होती, हे त्यांना पचायला जड गेलं. ते राग धरायला बघत होते, पण राग धरावा असं काही हाताला लागत नव्हतं.

हॉलमधल्या संध्याकाळी पुन्हा सुरू झाल्या. भिंतीने "काय झालं" असं एकदाच विचारलं. काका म्हणाले, "ती तिकडे खुश आहे." भिंत म्हणाली, "आणि तुम्ही?" काका म्हणाले, "तू गुडघे वाकव, पाठ सरळ ठेव." व्यायामातलं त्यांनी तिला सांगितलेलं ते पहिलं आणि शेवटचं. तिने पाठ सरळ केली.

निवड तर केव्हाच होऊन गेली होती. तिच्या जुन्या संघात तिची जागा राहिली नव्हती. पण दुसऱ्या एका संघाच्या प्रशिक्षकबाईंनी तिला बोलावलं होतं, दवाखान्याने हो म्हटलं तर. तिने या वेळी घाई केली नाही. मॅडमनी सांगितलं तेव्हाच ती तळघरात आली.

काकांनी सकाळी यंत्राला नेहमीचं वजन लावून ते बरोबर दाखवतंय ना ते पाहिलं, मग उगाच पुन्हा एकदा पाहिलं. मॅडम स्वतः खाली आल्या होत्या. या वेळी नुसती दोन पायांची आपसांत तुलना करायची नाही असं ठरलं होतं. तिच्या वजनाच्या मानाने प्रत्येक पायात जोर किती, तेही बघायचं. आणि चांगला पाय पहिल्या दिवशी जिथे होता तिथे परत पोचलाय का, तेही.

"झाड पाय," काका म्हणाले.

चांगल्या पायाचा डोंगर पहिल्या दिवसाच्या डोंगराच्याही किंचित वर गेला. ऑपरेशनचा पाय त्याच्या मागोमाग, थोडासा बुटका, पण अंगाने भरलेला. काकांनी सगळे डोंगर एकावर एक ठेवून पाहिले. मग मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान डोलावली आणि वर निघून गेल्या, कारण त्यांना माहीत होतं की आता काहीतरी रडारड होणार.

पण रडारड झाली नाही. भिंत पट्टे सोडायची वाट बघत शांत बसली होती. काकांनी एकेक पट्टा सोडला. ती उठली, खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधल्या, नीट दुहेरी गाठ मारून.

"तो संघ लांब आहे, काका. परवा निघायचंय. तिकडे खोलीत चौघी आहेत म्हणे."

"बरं आहे. जेवायला सगळ्यांबरोबर बसत जा."

"आणि तुम्ही?"

"मी पण बसेन कुठेतरी."

ती निघाली. बोळात कोणाशी तरी बोलली, हसली, मग जिन्यावर तिची पावलं वाजली. दोन्ही पावलांचा आवाज सारखा होता. काकांनी कान देऊन ऐकलं. मग बाकावरच्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.

तिचे सुरुवातीला दोन-तीन फोन आले. घाईत, मागे पोरींचा गलका. मग ते थांबले. काकांनी वाईट वाटून घेतलं नाही, असं ते स्वतःला सांगत, आणि बरेच दिवस ते खरंही असे. मॅडमकडून कळलं की ती खेळते, बरी खेळते. काकांनी सामना कधी पाहिला नाही. त्यांना फुटबॉलातलं काही कळत नव्हतं.

रिटायर व्हायला अजून वर्षं होती. सणासुदीला नाही, पण मध्येच कधीतरी ते चार दिवस लेकीकडे जाऊन यायचे, सोफ्यावर झोपायचे, आणि बायकोबरोबर बागेपर्यंत चालत जायचे. तिच्या मैत्रिणी आल्या की एका बाकावर बाजूला बसायचे. इकडे आपल्या घरी संध्याकाळ तशीच होती. दार उघडायचं, दिवा लावायचा. फक्त आता ते पेपर बाजूला ठेवून रोज बायकोला फोन करायचे. सांगण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही नसायचं. आज एका पोलव्हॉल्टवाल्याने खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढली, एवढंच.

"आज काय झालंय तुम्हाला?" पहिल्या दिवशी बायकोने घाबरून विचारलं होतं. "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," काका म्हणाले होते. "तू सांग. तुझा दिवस कसा गेला?"

तिने सांगायला सुरुवात केली. काकांनी कुकरखालचा गॅस बारीक केला आणि ऐकत उभे राहिले.